रोज एक तासाची रजा मिळण्याबाबत

दत्ताराम सरांनी कर्सर 'शहरातीलरस्ते' या चिकटलेल्या शब्दांच्या मधोमध नेला आणि एंटर मारला. ओळ तुटली. उजवीकडे पडद्याबाहेर धावणारी अक्षरं एक पायरी खाली उतरली. त्यांनी पुढे नजर टाकली, साठ-पासष्ट अक्षरांवर पुन्हा दोन शब्द एकमेकांना चिकटलेले सापडले, पुन्हा एंटर मारला. उतारा क्रमांक एकशे चौदा बारा ओळींचा झाला. तो मूळचा बारा ओळींचाच होता.

"किती झाले, भावोजी?" राजेश दोन कटिंग घेऊन आत आला.

"एकशे चौदा."

"चारशे बारांपैकी."

"मला मोजता येतं."

राजेशने चहा कीबोर्डपासून लांब ठेवला. त्याच्या बहिणीने, म्हणजे सरांच्या बायकोने, त्याला विसाव्या वर्षी लावलेली ही सवय होती. शुभा जाऊन सात महिने झाले होते, तरी चहा अजून लांबच ठेवला जात होता.

मुलुंड पूर्वेला, पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर अचूक टंकलेखन वर्ग एकतीस वर्षं चालू होता. बाहेरच्या खोलीत मराठी, आतल्या खोलीत इंग्रजी. आत सर शिकवायचे आणि बाहेर शुभा. मुलं तिला बाई म्हणायची. सरावाचे उतारे आणि पत्रं सगळी बाईंनी रचलेली होती, कारण सरांना वेग देता यायचा, मजकूर सुचायचा नाही. बाईंनी रचायचं, छापून सरांपुढे ठेवायचं, सरांनी कळदाब, म्हणजे एकूण किती वेळा कळ दाबावी लागेल ते, मोजायचे, खाली आकडा घालून सही करायची आणि मग तो कागद वर्गात जायचा. कागद मुलांच्या हातात फाटून संपले. राहिल्या त्या फाईली.

त्या फाईली बाईंच्या मशीनवर होत्या. त्या मशीनवर कुणा विद्यार्थ्याच्या भावाने विंडोजऐवजी फुकटचं लिनक्स घालून दिलं होतं आणि बाईंना ते आवडलं होतं. गेल्या महिन्यात राजेशने वर्गात नवीन कॉम्प्युटर आणले, सगळे विंडोजचे, कारण परीक्षा आता त्यावरच असते. जुनी मशीन भंगारात गेली. फाईली पेनड्राइव्हवर उतरवून घेतल्या. आणि सरावाच्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये त्या उघडल्या तेव्हा प्रत्येक उतारा एका ओळीचा झालेला होता. एकच ओळ, न संपणारी, तिच्यात प्रत्येक जुन्या ओळीचा शेवटचा शब्द पुढच्या ओळीच्या पहिल्या शब्दाला चिकटलेला.

"सॉफ्टवेअर कंपनीचा पोरगा परत म्हणाला, फाईली करप्ट आहेत," राजेश म्हणाला.

"एकही अक्षर गेलेलं नाही. करप्ट कशी?"

"मग ओळी कुठे गेल्या?"

"ते शोधतोय. तोवर हाताने करतोय."

"शनिवारी त्यांना सांगायचंय. त्यांचा तयार संच आहे, पाचशे उतारे, दोनशे पत्रं. सोमवारी नवीन बॅच बसणार. मुलांपुढे अर्धवट काही ठेवता येणार नाही."

"आज गुरुवार आहे. शनिवारपर्यंत बाईचे उतारे तयार असतील. त्या संचात काय असतं ठाऊक आहे? 'मोर हा आपला राष्ट्रीय पक्षी आहे.' ते टाइप करून माणूस लिपिक होतो की पक्षिमित्र?"

राजेश हसला. मग जरा थांबून म्हणाला, "बरं, एक करा. उतारे घ्या. पत्रं राहू द्या. पत्रं आपण त्यांची वापरू."

"का?"

"चाळीस पत्रं आहेत. पत्रात ओळी मोजून तोडता येत नाहीत, तुम्हीच म्हणता ना? पत्ता वेगळा, विषय वेगळा. डोक्याला ताप."

"ताप मला होणार आहे ना? तू चहा पी."

राजेशने चहा संपवला आणि गेला. जाताना दारात जरा घुटमळला, पण सरांची पाठ त्याच्याकडे होती.

राजेशचं म्हणणं चूक नव्हतं. उतारा तोडायला अर्थ लागत नाही. सरांचा तर नियमच होता, आणि तो एकतीस वर्षं प्रत्येक बॅचला पहिल्या दिवशी सांगितला जायचा: डोळे कागदावर, बोटं कळांवर, डोकं घरी. अर्थाकडे लक्ष गेलं की बोट अडखळतं. एखादा मुलगा मध्येच फिस्सकन हसला की सर आतून ओरडायचे, "कोण वाचतंय रे तिकडे?" त्यांनी स्वतः शुभाचे चारशे बारा उतारे आणि चाळीस पत्रं मोजली होती. त्यांतलं एकही वाचलेलं नव्हतं. याचा त्यांना अभिमानही होता.

शुक्रवारी दुपारपर्यंत ते दोनशे नव्वदपर्यंत पोचले. मनगट भरून आलं. बदल म्हणून त्यांनी पत्रांचा फोल्डर उघडला.

पहिली सहा पत्रं सोपी गेली. पुस्तकांची मागणी, वीज मंडळाला तक्रार, शाळेचा दाखला. पत्ता कुठे संपतो, तारीख कुठे सुरू होते, महोदय कुठे येतं, हे बघायला वाचावंच लागत होतं. सर हळू वाचत, एंटर मारत पुढे जात होते. सातवं पत्र उघडलं.

'मुलुंड पूर्वदिनांक ३ मार्चप्रतिमाननीय चालकअचूक टंकलेखन वर्गविषय : रोज एक तासाची रजा मिळण्याबाबतमहोदय,'

वर्गाचंच नाव वापरलंय, सरांच्या मनात आलं. त्यांनी पूर्वच्या पुढे एंटर मारला. मार्चच्या पुढे मारला. पुढे गेले.

'मी आपल्या वर्गात गेली अठ्ठावीस वर्षे मराठी विभागात शिकवीत आहे. या काळात मी आजारपण सोडता एकही रजा घेतलेली नाही. माझे बालपण देवगडजवळच्या खाडीकाठी गेले. घरातले सर्व मुलगे पोहायला शिकले. मुलींना पाण्यात उतरू देत नसत. आता माझे वय सत्तावन्न आहे. स्टेशनपलीकडे महानगरपालिकेचा तलाव आहे. तेथे संध्याकाळी सहा ते सात ही वेळ स्त्रियांसाठी राखीव आहे. तीन महिन्यांत पोहणे येते असे तेथील शिक्षिका म्हणतात. तरी मला मार्च ते मे रोज एक तासाची रजा मंजूर करावी. माझ्या बॅचची पर्यायी व्यवस्था मी स्वतः करीन. आपण कामात असल्याने तोंडी विनंती तीन वेळा करूनही निर्णय झालेला नाही, म्हणून हा लेखी अर्ज.'

सरांनी एंटर मारला नाही.

खाली एका दमात लिहिलं होतं, 'आपली विश्वासूशुभा द. कासकरकळदाब ८४६'. आठशे शेहेचाळीस हा आकडा त्यांनीच मोजून दिला होता. म्हणजे कागद त्यांच्यापुढे आला होता, पेन्सिल प्रत्येक ओळीखालून फिरली होती, खाली सही झाली होती.

ते उठले. खिडकीपाशी गेले. खाली गिरणी चालू होती, फरशी पायाखाली थरथरत होती. परत येऊन त्यांनी पत्र पुन्हा वाचलं. मग पुन्हा. वर्गाला एकतीस वर्षं, पत्रात अठ्ठावीस; म्हणजे ही तीन वर्षांपूर्वीची तारीख होती. तोंडी तीन वेळा. त्यांना आठवायचा प्रयत्न करूनही एकच वेळ आठवली, तीही धड नाही. ती काहीतरी तलावाचं बोलत होती आणि आपण विचारलं होतं, सहाची बॅच कोण घेणार?

पत्र असं एका ओळीत आडवं पडलेलं त्यांना बघवेना. ते कोपऱ्यातल्या टाइपरायटरपाशी गेले. वर्गात आता तेवढा एकच उरला होता, मुलांना दाखवायला. त्यांनी आवरण काढलं, कागद चढवला आणि पत्र जसं असायला हवं तसं टाइप करायला बसले. उजव्या कडेला मुलुंड पूर्व. डावा हात आपसूक लिव्हरवर गेला. लिव्हर ढकलला, आधी रोलर एक घर फिरला, कागद वर सरकला, मग रोलरसकट अख्खी गाडी उजवीकडे सरकून ओळीच्या सुरुवातीला आली. दिनांक ३ मार्च. पुन्हा लिव्हर.

'महोदय' लिहून झालं आणि त्यांचा हात मध्येच थांबला. लिव्हर अर्धाच दाबला गेला होता. रोलर फिरला होता, कागद वर गेला होता. गाडी मात्र होती तिथेच उभी होती.

सर त्याकडे बघत राहिले. नव्या ओळीवर जायला दोन कामं लागतात. कागद वर सरकवणं हे एक. गाडी परत आणणं हे दुसरं. एकतीस वर्षं हात ती दोन्ही एका झटक्यात करत आला, म्हणून ती एकच वाटत होती.

त्यांनी फोन उचलला.

"राजेश, लगेच ये."

"काय झालं? बरं आहे ना?"

"मी बरा आहे. ओळी सापडल्या."

राजेश अर्ध्या तासात आला. तो येईपर्यंत सर टाइपरायटरपुढेच बसून होते. त्यांनी त्याला शेजारी उभं केलं आणि लिव्हर अर्धा दाबून दाखवला.

"काय झालं सांग."

"कागद वर गेला."

"आणि गाडी?"

"तिथेच."

"आता विंडोजचा एंटर म्हणजे दोन खुणा असणार. एक गाडी मागे आणायची, एक कागद वर सरकवायची. बाईचं मशीन एकच खूण ठेवत असणार, कागद वर सरकवायची. ते मशीन तेवढ्यात समजून घ्यायचं. हे सॉफ्टवेअर दोन्ही खुणा सोबत दिसल्याशिवाय ओळ मानत नाही. एकटी खूण दिसली की गिळून टाकतं. खुणा फाईलमध्ये आहेत, रे. याला दिसत नाहीत इतकंच."

"तुम्हाला हे कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. तुझ्याकडे फाईलीतल्या लपलेल्या खुणा दाखवणारं काही आहे का बघ."

राजेशने फोनवर पाचेक मिनिटं शोधाशोध केली आणि एक छोटा फुकटचा प्रोग्रॅम उतरवून घेतला. त्यात आधी कंपनीच्या संचातली एक फाईल उघडली. प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन छोट्या काळ्या चौकटी होत्या, एकीत सीआर, म्हणजे गाडी परत, दुसरीत एलएफ, म्हणजे कागद वर. मग बाईंचा उतारा एक उघडला. ओळी जागच्या जागी होत्या, बारा. प्रत्येकीच्या शेवटी एकच चौकट होती, एलएफ.

"आयला," राजेश म्हणाला. "भावोजी, कंपनीच्या पोराला तुमच्याकडे शिकायला पाठवतो."

"पाठव. आधी हे बदलता येतं का बघ. सगळं एकदम. पण आधी प्रत काढून ठेव. आणि एकदाच कर. जिथे दोन खुणा झाल्यात तिथे परत एक घातलीस तर नवीन घोळ होईल."

राजेशने आधी पेनड्राइव्हची प्रत काढली. मग एका उताऱ्यावर करून बघितलं आणि तो सॉफ्टवेअरमध्ये उघडला. बारा ओळी. मग दोघांनी बसून चारशे बारा उतारे पाच-पाच, दहा-दहा करत बदलले. सरांचा दोन दिवसांचा हाताचा खटाटोप बाजूला पडला. त्याचं त्यांना काही वाटलं नाही. शेवटी राजेशने माउस सोडला.

"झालं. पत्रं राहू द्यायची का?"

सरांनी टाइपरायटरमधला कागद ओढून काढला आणि त्याच्यापुढे ठेवला. 'महोदय'पर्यंतच होता, पण विषय होता.

राजेशने तो वाचला आणि खुर्चीत मागे रेलला.

"तुला ठाऊक होतं," सर म्हणाले.

"हो."

"म्हणून पत्रं राहू द्या, पत्रं राहू द्या."

"मग काय करू? ती असताना वाचलं असतंत तर गंमत होती. आता वाचून तुम्ही काय कराल, मला कळेना."

"मला विचारायचं होतं तिने."

"तीन वेळा विचारलं, भावोजी. तुम्ही म्हणालात, सहाची बॅच कोण घेणार."

"म्हणालो असेन." सरांचा आवाज खाली आला. "एक तास मागितला होता तिने. तोही राहिला."

राजेशने त्यांच्याकडे बघितलं. मग त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

"राहिला कुठे? सही केलीत ना तुम्ही."

"काय?"

"अर्ज पुढे ठेवला, तुम्ही मोजलात, खाली सही केलीत. ताई मला फोन करून म्हणाली, राज्या, रजा मंजूर. साहेबांची सही आहे. उद्यापासून सहाची बॅच तुझी."

सरांनी तो कागद पुन्हा आपल्यापुढे ओढला.

"तीन महिने मी ऑफिसातून सुटून इथे येत होतो. घाटकोपरहून, घराच्या उलट दिशेने. तुम्ही आत इंग्रजी घेत होतात, दार लावून. दोनदा बाहेर आलात, विचारलंत, शुभा कुठाय? मी म्हटलं, बँकेत. तुम्ही म्हणालात, बरं, आणि आत गेलात. बँक साडेसहाला कुठली उघडी असते, हेसुद्धा तुम्हाला सुचलं नाही."

"रोज डोकं ओलं असायचं तिचं," सर सावकाश म्हणाले. "म्हणायची, उकडतंय, डोक्यावरून पाणी घेतलं."

"आणि वास?"

सरांनी मान वर केली.

"औषधाचा वास," राजेश म्हणाला. "तुम्ही सोसायटीला अर्ज दिला होतात. टाकीत औषध जास्त पडतंय, बायकोच्या केसांना वास येतो. तो अर्ज टाइप कुणी केला?"

"तिने."

"एका पानात चार चुका. हातच चालत नव्हता हसून. मी इथेच बसलो होतो. सोसायटीने टाकी धुवून घेतली, भावोजी, तुमच्या अर्जावर."

सरांच्या घशातून एक आवाज निघाला. राजेश खुर्चीतून अर्धा उठला. पण सर हसत होते. बराच वेळ हसत राहिले, मग चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले आणि तो पुन्हा लावायला त्यांना वेळ लागला.

"आलं का तिला?"

"पहिला महिना नुसती कठडा धरून पाय मारत होती. मग सुटली. मे संपता संपता तलाव आडवा पार करायची. उभा नाही, उभा फार लांब. आडवा."

"किती वेळात?"

"आता ते वेगाचं तुम्ही विचारायचं. मी नाही विचारलं."

"मला का नाही सांगितलं? मागाहून तरी?"

"मी म्हटलं तिला, सांगून टाक. म्हणाली, कशाला? कागद त्याच्याच कपाटात आहे. वर्गातली पोरं रोज टाइप करतायत. वाचेल तेव्हा वाचेल."

खाली गिरणी थांबली. फरशी शांत झाली. सरांनी माउस हातात घेतला, पत्रांचा फोल्डर उघडला आणि आत्ताच राजेशकडून शिकल्याप्रमाणे स्वतः चाळीस पत्रांच्या खुणा बदलल्या. सातवं पत्र सॉफ्टवेअरमध्ये उघडून बघितलं. पत्ता वर, विषय मध्ये, नाव खाली.

"ठेवायचं हे?" राजेशने विचारलं.

"सगळी ठेवायची. तिने क्रमाने लिहिलीत. सातवं काढलं तर आठवं सातवं होईल, मुलांचा घोळ."

शनिवारी राजेशने कंपनीला संच नको म्हणून कळवलं. सरांनी शनिवार आणि रविवारची सकाळ उरलेली पत्रं वाचण्यात घालवली. मोजली नाहीत, वाचली. आणखी कुठे शुभा सापडली नाही. नाही म्हणायला, तेविसाव्या पत्रात मराठीच्या खोलीतला पंखा आवाज करतो अशी तक्रार होती, चालकांच्या नावे. सर उठून बाहेरच्या खोलीत गेले, पंखा लावला, खाली उभे राहून ऐकलं. रविवारी दुपारी वायरमन येऊन गेला.

सोमवारी सहाची बॅच भरली. बारा जण होते. मराठीची खोली आता सरांनी स्वतःकडे घेतली होती. त्यांनी उभं राहून नियम सांगितला, डोळे कागदावर, बोटं कळांवर. तिसरा भाग सांगायचा राहून गेला. मग पहिल्या दिवसाचा अंदाज घ्यायला म्हणून पत्र दिलं. कुणाला कुठलं ते सॉफ्टवेअरच ठरवतं.

तिसऱ्या मशीनवर जान्हवी नावाची बाई होती, चाळिशीच्या आसपासची, कोर्टातल्या लिपिकाच्या परीक्षेसाठी आलेली. मूल सातवीत, नवऱ्याची फिरती नोकरी, असं तिने नाव लिहिताना सांगितलं होतं. हात बरा होता तिचा. खोलीत कळांचा एकसारखा आवाज चालू होता, आणि सर मागून फिरत होते. तिच्या मशीनपाशी आवाज तुटला.

सर तिच्यामागे जाऊन उभे राहिले. पडद्यावर सातवं पत्र होतं. ती शेवटच्या वाक्यावर थांबली होती.

"कळ अडकली का?"

"नाही सर." ती ओशाळली. "वाचत बसले. सॉरी."

तिने पुन्हा बोटं कळांवर ठेवली, पण दाबली नाहीत.

"सर, हिला मिळाली का हो रजा?"

"मिळाली," सर म्हणाले.

ती हसली आणि टाइप करू लागली. सर पुढच्या मशीनपाशी गेले, त्याच्या पुढच्या मशीनपाशी गेले. तिथून परत फिरले.

"आडवा तलाव पार करायची," ते तिला म्हणाले. "सत्तावन्नाव्या वर्षी शिकून."

जान्हवीने मान वळवून वर बघितलं.

"चला," सर म्हणाले. "पुढची ओळ घ्या."